खुशाली कोणाला कळवायची?

कॅन्सरचे मोठे ऑपरेशन म्हटले की महाड-पोलादपूरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर परळ उभे राहते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केलेले आणि १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे असलेले टाटा मेमोरियल हॉस्पिटल आमच्याकडे नुसते ‘टाटा’ म्हणून ओळखले जाते. तिथली फाइल ज्या घरात आहे ती बहुधा कपड्यांच्या खाली, पाहुण्यांना दिसणार नाही अशी ठेवलेली असते. सकाळी थिएटरमध्ये नेलेला माणूस संध्याकाळी बाहेर येतो, आठ-दहा दिवसांनी त्याला घरी सोडतात. पुढचे महिने, आणि तपासण्या धरल्या तर पुढची पाच वर्षे, तो महाडच्या एखाद्या आळीत नाहीतर पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर काढतो. पैसा, यंत्रे, तज्ज्ञ, सरकारी योजना, सगळे त्या एका दिवसाभोवती गोळा झालेले आहे. नंतरच्या काळाची जबाबदारी घरच्यांवर आणि नशिबावर सोडलेली आहे.

माझे म्हणणे असे की मोठ्या ऑपरेशननंतर रुग्णाची रोजची खबर हासुद्धा उपचारच आहे. मात्र ती खबर ऐकून काही करू शकेल अशा माणसापर्यंत ती पोचली पाहिजे. आमच्या भागात ती सगळीकडे पोचते, फक्त अशा माणसापर्यंत पोचत नाही.

बातमी कशी फिरते ते पाहा. ऑपरेशन झाले की पहिला फोन लालबागच्या किंवा दिव्याच्या नातेवाइकाचा येतो: “सुटला बाबा, गाठ काढली सगळी.” संध्याकाळच्या भजनाला ती बातमी वाडीत असते आणि रात्रीपर्यंत मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲपवर. सगळ्यांना हायसे वाटते, आणि ते खरेच असते. पण ‘काढली सगळी’ हे त्या दिवशी सर्जनलाही पूर्ण ठाऊक नसते. काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे जातात. कडेला रोग राहिला आहे का, मानेतल्या किंवा काखेतल्या गाठींमध्ये उतरला आहे का, हे तो रिपोर्ट सांगतो आणि त्यावर पुढचे रेडिएशन किंवा केमो ठरते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे असे धरतात. म्हणजे टाके निघाले, जखम सुकली, माणूस ओटीवर येऊन बसू लागला, नेमका त्याच वेळी त्याला पुन्हा मुंबई गाठायची असते, तीही आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. घरच्यांच्या मनात ‘बरा झाला’ हे पक्के बसलेले असते. “आता कशाला परत तो त्रास?” हा प्रश्न मी चांगल्या शिकलेल्या घरांतही ऐकला आहे. पहिल्या बातमीनेच दुसऱ्या बातमीची वाट बंद केलेली असते.

आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांचा एका बाजूचा जबडा काढावा लागला. तंबाखू आणि मशेरी यांचा हा भाग आहे, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी तोंडाच्या कॅन्सरची नवी घरे कमी झालेली दिसत नाहीत. हे गृहस्थ नाकातून पोटात गेलेली नळी घेऊन घरी आले. त्यांची सून त्यांना भरवायची, आणि ते काम काय असते हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. तांदूळ अगदी मऊ शिजवायचा, मिक्सरमधून काढायचा, मग पातळ धुतलेल्या फडक्यातून गाळायचा, कारण एक कण राहिला तरी नळी तुंबते. पन्नास मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या काढायचा, ती नळीला जोडून वर धरायची आणि पेज आपल्या वजनाने उतरू द्यायची. घाई केली, दट्ट्याने रेटले, तर खोकला उसळतो. आधी पाणी, नंतर पाणी. सासऱ्यांना बसते ठेवायचे आणि पुढचा अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. दिवसातून सात-आठ वेळा हे सगळे, मधे गुरे, पाणी, पोरांच्या शाळा. हॉस्पिटलमधल्या एका सिस्टरने निघताना एकदा करून दाखवले होते, तेवढ्या शिदोरीवर.

पेज हे आमच्याकडे आजाऱ्याचे पहिले अन्न, आणि ते चांगलेच आहे. पण जखम भरायला नुसती पेज पुरत नाही. तिच्यात डाळीचे घट्ट पाणी, नाचणीचे सत्त्व, दूध, अंडे, चमचाभर तेल असे काही ना काही जायला हवे, हे त्या घरात कोणी सांगितले नव्हते. त्यांचा सदरा अंगावर झुलू लागला. भेटायला येणारा प्रत्येक जण “कसं काय दादा, बरं ना?” म्हणायचा. बोलता येत नसल्याने ते हात वर करून ठीक असल्याची खूण करायचे, आणि पाहुणे समाधानाने केळ्यांचा घड ठेवून जायचे. वजन किती उतरले हे कोणी विचारले नाही. उपकेंद्रात वजनकाटा होता.

तोंड किती उघडते हे मोजायलाही यंत्र लागत नाही. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये जातात का बघायचे. तिनाची दोन झाली की समजायचे, जबडा आखडतो आहे. रेडिएशननंतर तो कित्येक महिने हळूहळू आखडत राहतो, आणि वेळीच व्यायाम सुरू केला नाही तर पुढे घास आत जात नाही. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरण्याचा हा व्यायाम फुकट आहे, पण रोज करायचा असतो, दुखत असताना करायचा असतो, आणि तो केला का हे विचारणारे कोणीतरी लागते.

खांद्याचेही तसेच. तेव्हा टाटामध्ये असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा २०१५ सालचा अभ्यास जगभर मानला गेला. तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. रोग मानेत दिसल्यावर मगच काढल्या, तेव्हा ६७.५ टक्के. या अभ्यासाने किती माणसे वाचली असतील! पण मानेच्या त्याच ऑपरेशनने खांदा दुबळा होऊ शकतो. हात डोक्याच्या वर जात नाही, आणि आमच्याकडचा माणूस तर भारा डोक्यावर उचलणारा. वाचलेला जीव आणि काम करू शकणारा खांदा यांच्यामध्ये काही महिन्यांची कसरत असते. तिचा हिशेब कोणत्याही अभ्यासाच्या मथळ्यात येत नाही.

बायकांचे दुखणे आणखी आत दडलेले. स्तनाच्या ऑपरेशननंतर बाई बऱ्याचदा काखेजवळून निघालेली नळी आणि तिला जोडलेली डबी घेऊन घरी येते. डबीत साठलेले पाणी रोज मोजून ओतायचे असते. एका घरात मुलीने शाळेच्या जुन्या वहीत मागच्या पानावर ते लिहून ठेवलेले मी पाहिले: तारीख, सकाळ, संध्याकाळ, रंग. चोवीस तासांतला आकडा सलग दोन दिवस साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आला की नळी काढता येते. एकदम वाढला, लाल झाला किंवा वास आला, तर थांबायचे नाही. तब्येतीची याहून नेमकी खबर कोणती असेल? पण ती वही कोणाला दाखवायची? गावातले डॉक्टर म्हणतात, जिथे ऑपरेशन झाले तिथेच जा. त्यांचे भय मी समजू शकतो, त्यांच्या हाती ऑपरेशनचा कागदही धड नसतो. मग डबी पदराखाली झाकून पहाटेची एसटी. कॅन्सरच्या रुग्णाला एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण हाडे खिळखिळी करणाऱ्या रस्त्यात सवलत नाही. वर्षानुवर्षे रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाने ताज्या टाक्यांच्या माणसांचे काय केले, हे त्या टाक्यांनाच माहीत.

पुढे पावसाळा येतो आणि लावणी. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला कापणे, खरचटणे, चिखलात तासन्‌तास राहणे यांपासून जपावे लागते, नाहीतर जंतुसंसर्ग होतो, हात सुजतो आणि सूज कायमची बसते. हे सांगणारे कोणी नसेल तर बाई चार महिन्यांत शेतात उतरते, कारण बाहेरून ती धडधाकट दिसते आणि मजूर मिळत नाही. हात जड वाटतो हे ती सांगत नाही. सांगितले तर ‘अजून बरी नाही’ असा अर्थ निघतो. तो अर्थ मुलीच्या स्थळापर्यंत जाईल याची तिला धास्ती असते. आजाराचे नावही घरात घेतले जात नाही, ‘गाठीचं ऑपरेशन’ एवढेच.

शरद पवार यांनी आपल्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल, २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत झालेल्या निदानाबद्दल, नंतरच्या यातनांबद्दल आणि तंबाखूच्या सवयीबद्दल अनेकदा उघडपणे सांगितले आहे. मंत्रिपदाचे काम दुपारपर्यंत करून मग उपचाराला जात असल्याचेही ते सांगतात. राजकारण बाजूला ठेवून मी या उघडेपणाला फार मानतो. तोंडाचे ऑपरेशन झालेल्या माणसाला जगात तोंड दाखवता येते, हे आमच्या कित्येकांना त्यांच्यामुळे पटले. पण त्यांचे हॉस्पिटल कचेरीपासून गाडीच्या अंतरावर होते. पोलादपूरच्या माणसाला सहा आठवड्यांच्या रेडिएशनसाठी नातेवाइकाची खोली, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन शोधावे लागते. टाटाचे खारघरचे केंद्र तर आमच्याच रायगड जिल्ह्यात आहे, पण ते पनवेल तालुक्यात आणि पोलादपूर दुसऱ्या टोकाला, दीडशे किलोमीटरच्या आसपास. काशेडी ओलांडून खेड-चिपळूणच्या पुढे डेरवणचे वालावलकर रुग्णालय काहींना जवळ पडते. घराजवळ मात्र काही नाही.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या हॉस्पिटलात एथन बाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाची खबर घेण्याचाच एक साधा प्रयोग केला. शरीरात पसरलेल्या कॅन्सरवर केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी काहींनी आपल्या तक्रारी संगणकावरून नियमित कळवायच्या: मळमळ किती, धाप किती, दुखणे किती. तक्रार वाढली की तिथल्या नर्सला सूचना जायची आणि ती फोन करायची, औषध बदलून घ्यायची, गरज असली तर बोलवायची. बाकीच्यांना नेहमीची सेवा. २०१७ साली निकाल आला. कळवणाऱ्यांचा मध्यक जीवनकाळ ३१.२ महिने, इतरांचा २६. हे रुग्ण ऑपरेशननंतरचे नव्हते, आणि न्यूयॉर्क म्हणजे पोलादपूर नव्हे, हे मान्य. तरी त्यातली गोष्ट इथेही लागू पडते असे मला वाटते. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. विचारणारे, ऐकणारे आणि त्यावर हालचाल करणारे माणूस होते. आमच्याकडे विचारणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. तिसऱ्या कडीशी साखळी तुटते.

ही कडी जोडणे आपल्याला जमणार नाही असे कोणी म्हणू नये, कारण दुसऱ्या दोन बाबतींत ती आपण जोडून दाखवली आहे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, बाळाचे वजन करते, ताप बघते, धोक्याची खूण दिसली तर पुढे पाठवते. या पद्धतीचे मूळ महाराष्ट्रातच, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेल्या कामात आहे. १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. टीबीच्या रुग्णाच्या गोळ्यांची पाठराखणही गावात होते, आणि आहारासाठी त्याच्या खात्यात पैसे जमा होतात. मग नळीतून जेवणाऱ्या माणसाच्या दाराशी बेचाळीस दिवसांत एकदाही कोणी का जात नाही? उपकेंद्रात तीस वर्षांवरील लोकांचे तोंड आणि स्तन तपासून कॅन्सर शोधण्याची योजना आहे. शोधायचे, पाठवायचे आणि परत आल्यावर ओळख विसरायची, हे मला पटत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचेही असेच. तिचे आधीचे रूप, राजीव गांधी जीवनदायी योजना, २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आले त्यांत रायगड होता, आणि तिने इथली अनेक घरे कर्जातून वाचवली. हे ऋण मोठे आहे. पण तिच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरची तपासणी आणि औषधे धरली आहेत ती १० दिवसांपर्यंत. काही आजारांसाठी पुढच्या पाठपुराव्याची वेगळी पॅकेजेस आहेत, तीही मोठ्या हॉस्पिटलमध्ये जाऊन घ्यायची. दहाव्या दिवशी कित्येकांची नाकातली नळीसुद्धा निघालेली नसते.

आशाने अशा रुग्णाच्या घरी जाण्याला दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, आशांवर आधीच कामाचे डोंगर आहेत आणि मोबदला तुटपुंजा. त्यांच्यावर फुकटात आणखी एक काम लादायला माझा विरोध आहे. भेटीमागे पैसे द्यावेत, बाळाच्या भेटींचे देतात तसेच. एका वाडीत असे रुग्ण असून किती असणार?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. आशा म्हणजे गावचीच सून. तिला कळले म्हणजे गावाला कळले, असे लोक मानतात. लपवून ठेवलेली फाइल तिच्यासमोर कोण उघडणार? इथे रुग्णाचा शब्द शेवटचा असावा. निघताना हॉस्पिटलनेच विचारावे की तुमची खबर कोणी घ्यावी: आशाने, उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्याने, ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरने फोनवर, की कोणीच नको. ‘कोणीच नको’ म्हणणाऱ्याला तो हक्क आहे. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या चळवळीने हाच पेच गावोगाव सोडवला. २००८ मध्ये राज्याने धोरण केले आणि आज पंचायतींच्या मदतीने परिचारिका घरी जातात. लोकांनी दार उघडले, कारण येणारी बाई चौकशी करून निघून जात नव्हती, जखम बांधून जात होती.

घराजवळची सोय का हवी, याचे उत्तर आमचा पाऊसही देतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळिये गाव दरडीखाली गेले, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरडी आल्या, महाडची बाजारपेठ पाण्यात बुडाली, फोन लागेनासे झाले. अशा दिवसांत नळी निघाली, टाका उसवला, ताप चढला तर परळची तारीख हातात असून उपयोग काय? त्या आठवड्यात ड्रेसिंग बदलायला कोण होते, हा प्रश्न पुराच्या पंचनाम्यात नसतो.

सुरुवात पोलादपूरपासून करता येईल. तालुका लहान, ग्रामीण रुग्णालय एक, आणि घाटातल्या वाड्या दूरच्या असल्या तरी मोजक्या. तिथल्या एका परिचारिकेला महिनाभर खारघरला पाठवावे. नळी, ड्रेन, काखेची जखम, जबड्याचा आणि खांद्याचा व्यायाम एवढे तिने शिकून यावे. आठवड्यातला एक दिवस तिची खिडकी कॅन्सरच्या ऑपरेशनवाल्यांसाठी राखावी आणि त्याच दिवशी ठरलेल्या वेळी मोठ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरशी तिचा फोन व्हावा. डिस्चार्जच्या इंग्रजी कागदासोबत एक पान मराठीत मिळावे: काय काढले, रिपोर्ट कधी येणार, पुढची तारीख कोणती, कोणत्या खुणेला थांबायचे नाही. त्याची एक प्रत, रुग्णाची हरकत नसेल तर, ग्रामीण रुग्णालयात जावी. योजनेच्या दहा दिवसांचे नव्वद करावेत आणि ते पैसे या खिडकीला मिळावेत. हे जूनच्या आत झाले तर यंदा लावणीच्या आधी निदान काही हातांची सूज कोणी तरी बोटाने दाबून पाहिलेली असेल.